वावरातलं पाखरू, परसातलं पाखरू

पन्नाशीनंतर माणसाला कसला नाद लागावा याचा काही नेम नाही. आमच्या गावात कोणी भजनात जातो, कोणी ग्रामपंचायतीत. मला पाखरं लागली, आणि तीही अंगठ्याएवढी. त्यांच्यापायी गेल्या वर्षी माझ्यावर जी वेळ आली ती आठवली की अजून कान तापतात. चारचौघांत बसलो असताना आठवली, तर मी उगाच चप्पल शोधायला लागतो.

सुरुवात लेकीनं केली. ती पुण्यात नोकरीला आहे. तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला, अमेरिकेतल्या दोन हमिंगबर्डचा. एक उंच, बर्फाच्या डोंगरावर राहणारा. रात्री थंडी पडली की अंग गार पाडून मेल्यासारखा पडून राहतो आणि उन्हं आली की पुन्हा उडायला लागतो. दुसरा रखरखीत काटेरी माळावरचा, जिथं पाण्याचा थेंब दिसत नाही तिथं निवडुंगाच्या फुलांवर जगणारा. चोच तशीच, फुलातला रस पिणं तेच, पण ह्याला त्याच्या मुलखात नेऊन सोडलं तर दोन दिवस टिकायचा नाही. मी लगेच फोन लावला आणि म्हणालो, अशी दोन आपल्याकडं पण आहेत. ती हसली. म्हणाली, "बाबा, भारतात हमिंगबर्ड नसतात. तुम्ही पाहता ते शिंजीर." मला राग आला. नाव काही का असेना, दोन आहेत की नाही ते बोल, असं मी म्हणालो. ती म्हणाली की नीट पाहून सांगा, आणि होळीला आली तेव्हा माझ्यासाठी दुर्बीण घेऊन आली.

गावात अशा सगळ्या बारीक, लांब चोचीच्या पाखरांना फुलचुखी म्हणतात आणि विषय संपवतात. मी संपवला नाही. आमचं वावर मोताळ्याच्या अलीकडं, कपाशी-सोयाबीनचं, विहिरीजवळच्या तुकड्यात थोडी वांगी-मिरची. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळस, बोरी, रुई. तिथं राहणारा नर पार काळा. उन्हात आला की निळाजांभळा चमकायचा, तव्यावर तेल पसरल्यासारखा. चैत्रातल्या उन्हात, जेव्हा बैलसुद्धा झाड सोडत नाहीत, तेव्हा हा बोरीच्या शेंड्यावर बसून ओरडायचा. पळस संपला की रुईवर, रुई संपली की नाल्यातल्या झुडपांवर. पाणी पिताना मी त्याला कधी पाहिलं नाही. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. आपल्या मातीचा गडी, असं मी मनात म्हणायचो.

दुसरा गावातच सापडला, आणि तोही आमच्या भिंतीपलीकडं. माझा चुलतभाऊ आणि मी, आमची घरं एका भिंतीची. तो माझ्याहून धाकटा. त्याच्या परसात केळी, पपई, जास्वंद, एक शेवगा, आणि मधोमध न्हाणी. तीन बाजूंनी पत्रे, वर आभाळ. न्हाणीचं सगळं पाणी केळीच्या बुडाशी जायचं, म्हणून भर उन्हाळ्यातही तो कोपरा हिरवागार असायचा. ह्या कोपऱ्यात राहणाऱ्या नराचं पोट पिवळंधमक, छातीवर तांबूस पट्टा, डोकं हिरवट चमकणारं. हा कधी वावरात दिसला नाही आणि वावरातला कधी इथं आला नाही. दोघांत अंतर किती, तर सायकलवर जावं इतकं. पण एकाला कोरडं लागतं, एकाला ओल. अमेरिकेत डोंगर आणि वाळवंट लागतं, आमच्याकडं एक न्हाणी पुरली. हे माझं मलाच सापडलं होतं आणि मी त्याच्या आनंदात होतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. परसातलं हे पाखरू आंघोळीचं वेडं होतं. न्हाणीत कोणी पाणी अंगावर घेतलं की पत्र्यावरून शिंतोडे केळीच्या पानावर उडायचे. तेवढ्यात हा यायचा आणि ओल्या पानावर अंग घासून घ्यायचा, पंख फुलवायचा, पुन्हा घासायचा. म्हणजे त्याला पाहायचं तर वेळ एकच, सकाळची, घरातल्या माणसांच्या आंघोळीची. आणि जागा एकच, आमचा स्लॅब. तिथून न्हाणीचं तोंड दिसत नाही, पण आतून निघणारी वाफ दिसते, पत्र्यावर टाकलेला पदर दिसतो, आणि पुढं वाकलं तर काय दिसेल ते मी कधी पाहिलं नाही. पण वाकलं तर दिसलं असतं, हे खरं आहे.

आमच्याकडं थोरल्या माणसानं खाकरून जायचं असतं. सासरा, थोरला दीर, चुलतसासरा घरात शिरताना, परसाकडं वळताना, स्लॅबवर चढताना एकदा खाकरतो, म्हणजे सुना-लेकी पदर सावरतात, बाजूला होतात. कोणी शिकवत नाही, मिशी फुटली की आपोआप येतं. माझा बाप तर इतका खाकरायचा की माझ्या आईला तो दमा वाटायचा. मीही जन्मभर खाकरत आलो. पण पाखरू खाकरण्याला भिऊन उडतं. दोन-तीनदा तसं झालं, आणि मी खाकरणं सोडलं. चप्पल खाली काढून, जिन्यावर पंजा टेकवत मी वर जायला लागलो. चोर जातो तसा.

त्याच वर्षी वैशाखात चुलतभावाच्या मुलाचं लग्न झालं होतं. सून जानेफळची. गोरीगोमटी, हळू बोलणारी, मला पाहिलं की पदर ओढून भिंतीला लागणारी. ती मला मोठे बाबा म्हणायची, तिचा नवरा म्हणतो तसं. याच्यापलीकडं मला तिची ओळख नव्हती.

ज्येष्ठात एक दिवस लक्षात आलं की केळीचं पान सकाळी कोरडंच राहतं. पाखरू येतं, पानावर बसतं, इकडंतिकडं पाहतं आणि निघून जातं. सून आल्यापासून तिची सासू आणि नवरा उशिरा आंघोळ करायचे, तेव्हा ऊन चढलेलं असायचं. सकाळचं पाणी मात्र कोण जाणे कुठं गेलं. मला पाखराची दया आली आणि त्या घराचा थोडा रागही आला. एवढा मूर्ख मी, की भिंतीवरून भावाच्या बायकोला विचारलं, "सकायचं पाणी केळीले जात नाही का आजकाल? पान कोरडं दिसून राह्यलं." तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग घमेलं उचललं आणि आत गेली. मला वाटलं, घाईत असेल.

पाऊस आला. भाद्रपदाच्या उघाडीत परसातल्या मादीनं जास्वंदीच्या फांदीला खोपा टांगला. कोळ्याची जाळी, सालपटं, कापूस, सगळं एकात एक गुंफलेली पिशवी, वाऱ्यानं हलायची. न्हाणीच्या पत्र्यापासून हातभर. मग काय, मी सकाळ-संध्याकाळ स्लॅबवरच. बायको खालून चहा निवतोय म्हणून ओरडायची आणि मी हातानं गप्प बस म्हणायचो. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी वर गेलो तर चुलतभावानं भिंतीला हिरवी जाळी ताणली होती, मिरचीच्या रोपांवर टाकतो ती. जास्वंद नाही, केळ नाही, खोपा नाही. नुसतं हिरवं. मी खाली येऊन बायकोला म्हणालो, "याले काय धाड भरली? जाळी काहाले लावली?"

ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "तुमाले खरंच नाही समजलं?"

"काय?"

"लोकं बोलून राह्यले. तुमी रोज सकायी दुर्बीण घेऊन न्हाणीकडं तोंड करून बसता. खाकरत नाही, खोकलत नाही. त्यायच्या घरात नवी सून. वरतून तिच्या सासूले इचारता का सकायचं पाणी कुठं गेलं. कोणी काय समजावं?"

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. अंगावरून पाण्याचा हंडा ओतावा तसं झालं. मी म्हणालो, "तुले बी तसंच वाटते?"

"मले माहीत हाय तुमी पाखरंच पाहाता," ती म्हणाली. "पण मी कोणाकोणाच्या घरी जाऊन सांगू?" आणि मग तिनं तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत ती माझ्यावर पुष्कळ चिडली आहे, पण माझ्यामुळं तिला मान खाली घालावी लागली, असं पहिल्यांदाच झालं. ते मला तिच्या पाठीवरून दिसत होतं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी रागीट माणूस, आणि खोटा आळ सोसणं माझ्यात नाही. संध्याकाळी चुलतभावाच्या ओट्यावर गेलो. या खेपेला चांगला मोठ्यानं खाकरून. त्याला म्हणालो, मी फक्त पाखरू पाहत होतो. तो खाली पाहत बोटानं सोयाबीनची शेंग फोडत बसला. मग म्हणाला, "दादा, पाखरं तं तुमच्या वावरात बी हायेत. तिथं काऊन नाही पाहात?"

"वावरातलं वेगळं, हे वेगळं," मी म्हणालो. "ते काळं, हे पिवळं. हे फक्त ओलीत राहते. तिकडं येतच नाही."

"फुलचुखी ते फुलचुखी," तो म्हणाला. "तिच्यात काय वेगळं?"

"चाल उद्या माह्यासंगं. दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्याला मोटारसायकलवर मागं बसवून वावरात नेलं. त्याच्या सोयाबीनची कापणी चालू होती, तरी आला, एवढं त्याचं मोठेपण. मी मनाशी ठरवलं होतं की तो काळा गडी बोरीवर दिसला की आपली इज्जत वाचली. एकदा दोन पाखरं आहेत हे पटलं, की दुसरं पाहायला मी तिथं का बसत होतो हेही पटेल. आम्ही धुऱ्यावर उभे राहिलो. बोरीवर पाखरू आलं. आवाज तोच, बसायची फांदी तीच. आणि पाखरू पिवळं.

माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पोट फिक्कट पिवळं, पाठ मातकट, गळ्यापासून खाली एक काळी रेघ तेवढी. चैत्रातला तो झगझगीत काळा कुठं गेला? मी नाल्याकडं पाहिलं, पळसाकडं पाहिलं. जिकडंतिकडं असलीच. चुलतभावानं दुर्बीण घेतली, त्याला तिच्यातून फक्त पानं दिसली. त्यानं ती परत दिली आणि साध्या डोळ्यांनी पाहिलं. "हे तं पिवळंच हाय," तो म्हणाला. "आमच्या घरचंच हाय हे."

"नाही रे, हे काळं होतं. उन्हाळ्यात काळं होतं."

"आन् आता पिवळं झालं?" तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "दादा, राहू द्या. जाऊ आपण. माणसं थांबली असतील माही."

परतीला तो मागं बसला. त्याचा हात माझ्या खांद्यावर असायचा नेहमी, त्या दिवशी त्यानं मागचं कॅरिअर धरलं होतं. मला इतकी लाज वाटत होती की समोरचा रस्ता नीट दिसेना. न केलेल्या गोष्टीची लाज केलेल्या गोष्टीपेक्षा कमी असेल असं मला वाटायचं. तसं काही नसतं. कान तितकेच तापतात.

लेकीला विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पण काय सांगून विचारू? तू दिलेल्या दुर्बिणीनं तुझा बाप गावात काय ठरला, हे लेकीला कसं सांगणार? ती फोनवर विचारायची, "बाबा, पाखरं काय म्हणतात?" मी म्हणायचो, कामं चालू आहेत, वेळ नाही. दुर्बीण गोणपाटात गुंडाळून फवारणीच्या पंपामागं टाकली. स्लॅबवर जाणं बंद केलं. वाळवणसुद्धा बायको घालायची. रस्त्यानं जाताना कुठल्या दारात बाई उभी दिसली की मी मान इतकी खाली घालायचो की एकदा म्हशीवर आदळलो. दसऱ्याला चुलतभाऊ सोनं द्यायला आला, पाया पडला, पण दारातूनच गेला. त्याची सून आलीच नाही. बायको म्हणाली, बरं नसेल तिला. आम्हा दोघांनाही माहीत होतं काय ते.

माझा सगळ्यात जास्त राग त्या वावरातल्या पाखरावर होता. ज्याला मी आपल्या मातीचा गडी म्हणत होतो त्यानं ऐन वेळेला रंग बदलला. वावरात ढेकूळ दिसलं तर उचलून बोरीवर मारायचो. असा राग कोणावर काढायचा असतो का, पण काढला.

माघात हरभरा काढणीला आला. एक दिवस दुपारी चुलतभाऊ सरळ आमच्या वावरात आला, डोक्याला फडकं, हातात विळा. त्याचा हरभरा आमच्या धुऱ्याला लागूनच आहे. म्हणाला, "दादा, जरा इकडं या." बोरीजवळ नेलं आणि बोट दाखवलं. पाखरू बसलं होतं. अंगावर काळे ठिपके, पोटावर अर्धं पिवळं, अर्धं काळं, डांबराचे शिंतोडे उडाल्यासारखं. "पंधरा दिवस झाले पाहून राह्यलो," तो म्हणाला. "रोज काळं होऊन राह्यलं. पह्यले रेघ होती, आता पाहा. आन् घरचं पाखरू जसंच्या तसं पिवळं. मी जाळी काढून पाह्यलं."

त्यानं विळा खाली ठेवला आणि माझे पाय धरले. "चुकलं माह्यं. पाखरं दोन वेगळेच होते, दादा. तुमी खरं बोलत होते."

संध्याकाळी त्यानं आम्हा दोघांना चहाला बोलावलं. बायको नवं लुगडं नेसली, जसं काही लग्नाला निघालोय. मी छाती काढून गेलो, खोटं कशाला बोलू. परसात जाळी नव्हती. केळीचं एक पान फाटलेलं, जास्वंदीवर वाळका खोपा तसाच लटकत होता, त्यातली पिल्लं उडाली की मेली ते मला कळलं नाही आणि विचारायचं धैर्यही झालं नाही. चुलतभावानं सगळ्यांसमोर पाखराची गोष्ट सांगितली, पहिल्यांदा रेघ, मग ठिपके, मग काळं. भावजय पदराआडून म्हणाली, "भाऊजी, मनात ठेऊ नका." मी म्हणालो, झालं गेलं, सोडा. मला फार मोठ्या मनाचा माणूस झाल्यासारखं वाटत होतं.

सून चहा घेऊन आली. डोक्यावर पदर, नजर खाली. चुलतभाऊ तिला म्हणाला, "पाह्य वं पोरी, मोठ्या बाबाचा काहीच दोष नव्हता. ते पाखरूच पाहात होते."

तिनं कप माझ्यापुढं ठेवला. जाईल असं वाटलं, पण दाराच्या चौकटीला धरून थांबली. आवाज इतका बारीक की मला पुढं वाकावं लागलं.

"मले तं पह्यल्या दिवसापासून माहीत होतं, मोठे बाबा. तुमची दुर्बीण केळीवरच राहे. म्हणून मी कोणालेच काही बोलली नाही. पण वर माणूस बसला असला तं आंघोळ कशी करावं? मी अंधारातच आंघोळ करून घेत जाई, कोणी उठायच्या आधी. पावसाळ्यात एकडाव पायावरून काहीतरी सरपटत गेलं. लंबं होतं, गार होतं. मी ओरडली नाही. ओरडली असती तं घरचे बॅटरी घेऊन धावले असते, आन् इतक्या अंधारात आंघोळ काऊन करतं म्हणून इचारलं असतं. मंग तुमचं नाव सांगा लागलं असतं."

ती आत गेली. चुलतभाऊ, भावजय, माझी बायको, कोणीच कोणाकडं पाहिलं नाही. चहा माझ्यापुढं होता, तो प्यावा की तसाच ठेवून उठावं, हे मला कळेना.